कुलूपबंद घरांची सरासरी

त्याला सगळे बॅटरी म्हणायचे. पाणीखात्यात मीटर वाचायला लागला त्या दिवसापासून त्याच्या हातात एक पितळी बॅटरी असायची, आणि ती दिवसाढवळ्यासुद्धा चालू. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना हा माणूस बॅटरी पेटवून घरामागच्या बोळात शिरायचा. नवख्याला वाटायचं, ह्याचा एखादा स्क्रू ढिला आहे. पण पाण्याचं मीटर असतं जमिनीतल्या खड्ड्यात, लोखंडी झाकणाखाली. तिथे सूर्याला कोण विचारतो? वाकड्या सळईनं झाकण उचलायचं, आत संसार मांडून बसलेल्या कोळ्याला बाजूला सारायचं, काचेवर थुंकी लावून अंगठा फिरवायचा आणि आकडे वाचायचे. काळे आकडे डायरीत लिहायचे, तांबडे सोडून द्यायचे. तांबडे म्हणजे किरकोळ पाणी, त्याला खातं मोजत नाही.

असं त्यानं सव्वीस वर्षं केलं. तीन फेऱ्या, म्हणजे शहराचे तीन भाग, मिळून सहा हजारांवर घरं, दर दोन महिन्यांनी एकदा.

मीटर सगळी मागच्या बाजूला. त्यामुळे हे शहर त्याला पाठीकडून पाठ होतं. कोणाच्या दोरीवर काय वाळत घातलेलं असतं, कोणता नवरा बायकोपासून लपून टाकीमागे सिगारेट ओढतो, कोणाकडे सून आली आणि पाणी वाढलं, कोणाकडे म्हातारा गेला आणि पाणी कमी झालं, सगळं त्याला आकड्यांवरून कळायचं. पण तेच घर रस्त्यावरून दाखवलं तर गडी गडबडायचा. “थांबा, मागून बघून सांगतो,” म्हणायचा.

स्वतःच्या घरातही तो मागच्याच दारानं शिरायचा. पाय तिकडेच वळायचे. त्याची बायको हसायची. “अहो, लग्न करून आणलंत मला, पळवून नाही. समोरून या की एकदा.” तो म्हणायचा, येईन. मग ती समोरच्या दारात उभी राहून वाट बघायची, आणि हा स्वयंपाकघरातून खाकरायचा. चार वर्षांपूर्वी ती गेली. भेटायला आलेली माणसं पंधरा दिवस समोरून येत-जात राहिली, मग थांबली. त्यानं समोरच्या दाराची वरची कडी लावली आणि ती पुन्हा काढायची वेळच आली नाही. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला, वर्षातून एकदा यायची. तीही लहानपणच्या सवयीनं मागूनच.

तरी त्याला एकटं असं वाटायचं नाही. दिवसाला शंभर दारी “मीटर!” म्हणून हाक मारायची, शंभर कड्या निघायच्या, शंभर ठिकाणी कोणीतरी “या” म्हणायचं. एवढी माणसं तर मंत्र्याच्या वाट्यालाही येत नाहीत.

मग नवीन मीटर आली. निळ्या प्लॅस्टिकची, सीलबंद. ती आपला आकडा आपणच ऑफिसला कळवतात. पाठोपाठ बातमी आली की सगळं पाणीखातंच एका कंपनीला देणार. रीडरांना बोलावून साहेबांनी सांगितलं, गोदामात बसा नाहीतर लवकर निवृत्ती घ्या. बॅटरीनं निवृत्ती घेतली. त्यानंतरच्या सोमवारी नऊ वाजता पाय आपोआप सहाव्या गल्लीच्या मागच्या बोळात गेले. निळ्या झाकणापाशी तो जरा वेळ उभा राहिला. वरच्या खिडकीतून कोणी ओरडलं, “काय पाहिजे हो?”

काहीच नको होतं. तो घरी आला आणि त्या दिवशी पहिल्यांदा घड्याळाची टिकटिक त्याच्या कानाला लागली.

पक्षात तो ह्याच्या आधीपासून होता. पक्ष लहान. पाणी, दवाखाने, शाळा सरकारच्याच हातात राहाव्यात, बाईला आणि पुरुषाला एकाच कामाचे सारखे पैसे मिळावेत, भाडेकरूला घरमालकानं मनात येईल तेव्हा काढू नये, असं म्हणणारा. पुरोगामी, म्हणजे विचारांनी सगळ्यांच्या पुढे आणि मतमोजणीत सगळ्यांच्या मागे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली, अकरा खुर्च्या, त्यातल्या दोन डुगडुगत्या. खोलीची मालकीण आणि पक्षाची अध्यक्ष एकच: बाई. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. वय एक्क्याऐंशी, हातात काठी, ऐकायला कमी येतं म्हणायच्या, पण स्वतःबद्दलचं वाईट तेवढं बरोबर ऐकू यायचं. बॅटरीला त्यांनीच चौथीत शिकवलेलं.

खासदारकीची निवडणूक लागली. पक्षातर्फे दरवेळी एक डॉक्टर उभे राहायचे आणि दरवेळी पडायचे. ह्यावेळी ते म्हणाले, “माझं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. पडायचं असेल तर आता जिन्यावरून पडेन.” जो तो बुटांकडे बघू लागला.

“मग काय, जागा मोकळी सोडायची?” बाई म्हणाल्या. “पाणी विकायला निघालेत आणि आपण गप्प?”

तेव्हा खालचा सायकलवाला, हातावरचं वंगण फडक्याला पुसत, सहज बोलून गेला, “बॅटरीला उभा करा की. ह्याला घराघरांत ओळखतात.”

“मला?” बॅटरी म्हणाला. “मला बोलता येत नाही.”

“बोलणारे खूप झाले,” बाई म्हणाल्या. “सव्वीस वर्षं लोकांच्या घरात जातोयस. त्यांनी दार उघडलं ना तुला? मग झालं.”

हे वाक्य त्याच्या आत जाऊन बसलं. घराघरांत ओळखतात. त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं चहाचं आधण ठेवलं आणि गॅस पेटवायलाच विसरला. जिंकणं वगैरे त्याच्या डोक्यात नव्हतं. समोर पेट्रोलपंपवाले साहेब होते, तीन वेळा निवडून आलेले, आणि टीव्हीवर बातम्या सांगणारी एक बाई. जिंकणारा ह्या दोघांतलाच, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. बॅटरीला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि ती त्यानं कोणाला सांगितली नाही: ही सहा हजार घरं आपल्याला ओळखतात की नाही. ओळखत असतील तर हे रिकामं घर, ही टिकटिक, ही वरची कडी, सगळं चालेल. आणि नसतील तर?

तो विचार त्यानं पुढे नेला नाही.

मुलीला फोन केला. ती आधी हसली, मग म्हणाली, “बाबा, तुम्ही आणि भाषण? दहावीच्या निकालाला माझं अभिनंदन करायचं होतं तर तुम्ही चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवली होती.”

“हे वेगळं आहे.”

“आईनं काय म्हटलं असतं माहितीये? समोरून जा, म्हणाली असती.”

“समोरूनच जाणार आहे,” तो म्हणाला.

आणि तिथेच पहिली ठेच लागली.

सातव्या गल्लीतलं अकरा नंबरचं घर. एकोणीस वर्षं ह्या घराच्या मागच्या अंगणात तो गेला होता. तिथल्या वहिनी त्याची हाक ऐकली की आधी कुत्रा बांधायच्या, मग कडी काढायच्या. एकदा फार ऊन होतं तेव्हा सरबत दिलं होतं. आता तो इस्त्रीचा सदरा घालून, हातात पत्रकं घेऊन, समोरच्या पायरीवर उभा राहिला. बेल वाजवली. वहिनींनी दार अर्धं उघडलं.

“कोण पाहिजे?”

“नमस्कार वहिनी. मी.”

“मी कोण?”

तेवढ्यात कुत्रा आतून धावत आला, त्याच्या पायांशी घुटमळला आणि शेपटी इतकी हलवू लागला की मागची फुलदाणी पडता पडता राहिली. कुत्र्यानं ओळखलं. पण कुत्र्याला मत नसतं.

“अहो, मी मागच्या दारी यायचो. पाण्याचं मीटर वाचायला. बॅटरी.”

“अगंबाई, तुम्ही होय!” वहिनींनी कपाळावर हात मारला. “तोंड कुठे बघितलंय हो तुमचं कधी! नेहमी खड्ड्यात डोकं. आम्हाला आपली तुमची पाठ ठाऊक. जरा वळा बघू... हां! आता पटलं.”

तो खरंच वळला होता. ह्याची त्याला नंतर लाज वाटली.

वहिनींनी पत्रक घेतलं, म्हणाल्या, “बघू हं, ह्यांना विचारून सांगते,” आणि दार लावलं. संध्याकाळी खोलीवर हा किस्सा सांगितल्यावर बाई काठी आपटून हसल्या. “मेल्या, मग पोस्टरवर तुझा पाठमोरा फोटो छापायला हवा होता!” सायकलवाल्याला इतकं हसू आलं की त्याला खाली बसावं लागलं. बॅटरीही हसला. पण घरी गेल्यावर आरशात आपल्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. साधं तोंड होतं. लक्षात राहण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

तरी त्यानं फेऱ्या सोडल्या नाहीत. खात्याच्या जुन्या डायऱ्यांपैकी एक कोरी डायरी त्याच्याकडे उरली होती. कापडी पुठ्ठ्याची, घरांचे नंबर आधीच छापलेली. तीच त्यानं प्रचाराला घेतली. ‘मागील रीडिंग’च्या रकान्यात त्या घरात किती मतदार ते लिहायचं, ‘चालू रीडिंग’च्या रकान्यात त्यातली आपली किती, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेरे खात्यातलेच. ‘कुत्रा’ म्हणजे आत जाता आलं नाही. ‘झा’ म्हणजे झाकण अडकलंय. आता ते तोंड न उघडणाऱ्या माणसांसाठी कामी आलं. आणि ‘कु’ म्हणजे कुलूप.

कुलुपं फार निघाली. दिवसा माणसं कामावर, आणि जी घरात होती त्यातली कित्येक समोरची बेल ऐकून गप्प बसणारी. पडदा हलायचा, दार हलायचं नाही. मागच्या दारी हाक मारली असती तर कदाचित उघडलंही असतं, पण मत मागायला मागच्या दारानं जाणं त्याच्या मनाला पटेना. तो पत्रक सरकवायचा, ‘कु’ लिहायचा आणि पुढे जायचा.

आता मीटर वाचणाऱ्याच्या हातून एकच पाप होता कामा नये: रकाना कोरा ठेवणं. कोरी डायरी साहेब परत फेकायचे. म्हणून खात्याचा नियम होता, घराला कुलूप असेल तर मागच्या तीन वेळच्या आकड्यांची सरासरी काढायची, ती लिहायची आणि वर एक ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे, हे पाहिलेलं नाही, धरलेलं आहे. पुढच्या फेरीला घर उघडं मिळालं की खरा आकडा वाचून ठिपका खोडायचा. सव्वीस वर्षांच्या सवयीचा हात तो. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून बॅटरी दिवसभराची कुलुपं भरत बसायचा. मागच्या तीन फेऱ्यांना ह्या घरानं आपल्याला कसं वागवलं ते आठवायचं. पाणी दिलं होतं? दोन मतं. नुसतं “या” म्हटलं होतं? एक. आजारपणात एक खेप चुकली तेव्हा “कुठे होतात हो मागच्या वेळी?” असं विचारलं होतं? घरातली सगळी. आकडा लिहायचा, वर ठिपका द्यायचा.

महत्त्वाची गोष्ट ही की हे करताना त्याला बरं वाटायचं. एकेक कुलूप म्हणजे एकेक आठवण. सकाळी समोरच्या दारांनी जे दिलं नाही ते संध्याकाळी मागची दारं देत होती.

दर रविवारी बाई डायरी बघायच्या. एका रविवारी जाड भिंगातून पानं उलटता उलटता त्या थांबल्या.

“हे ठिपके कसले?”

“ते... खात्याची पद्धत आहे बाई.”

“माशी बसल्यासारखं दिसतंय पान.” त्यांनी बेरजेवर बोट ठेवलं. “तीन हजार नऊशे चाळीस? तुझ्या फेऱ्यांत? डॉक्टरला सबंध मतदारसंघात तीन हजार पडली नव्हती.”

“घराघरांत ओळखतात बाई,” सायकलवाला म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वीस वर्षं तो पोस्टरं चिकटवत होता आणि वीस वर्षं दुसऱ्याच्या मिरवणुका बघत होता.

बॅटरीनं ठिपक्यांचा अर्थ सांगायला तोंड उघडलं, सायकलवाल्याकडे बघितलं आणि मिटून घेतलं. हीच त्याची चूक, त्याला नंतर वाटायचं. बोलता येत नव्हतं हे खरं. पण ह्यावेळी जे बोलायचं होतं ते एका ओळीचं होतं.

सभा एकच झाली. भाजीबाजारामागच्या मोकळ्या जागेत, संध्याकाळी पाच वाजता. चाळीस खुर्च्या, चौदा माणसं, त्यातली नऊ आपलीच. माइकनं आधी शिट्टी घातली, मग बॅटरीनं खाकरून सुरुवात केली. कंपनी आली की काय होईल, हे सांगता सांगता तो गळतीवर आला आणि तिथे त्याचा आवाज बदलला. “घरातले सगळे नळ बंद करा,” तो म्हणाला. “मग मीटर बघा. नव्या मीटरलाही तांबडा काटा आहे, तो फिरत असेल तर कुठेतरी गळतंय. बहुतेक संडासाच्या टाकीत गळतं. आवाज येत नाही, ओल दिसत नाही, पण रात्रंदिवस जात असतं. आपल्याला वाटतं सगळं बंद आहे.” दहा मिनिटं तो गळतीवर बोलला. मत द्या म्हणायचं राहूनच गेलं. खाली उतरल्यावर बाई म्हणाल्या, “छान. देशाचं नाही पण वॉशरचं भलं झालं.”

आणि खरंच, तिसऱ्या दिवशी बाजारात एका बाईनं त्याला थांबवलं. “तुम्हीच ना ते? अहो, बघितला काटा. फिरत होता! प्लंबर आणून बदलून घेतलं सगळं. फार उपकार झाले.” तो इतका खूश झाला की मत कोणाला देणार हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. घरी येऊन डायरीत तिच्या घराच्या नंबरापुढे त्यानं तीन मतं लिहिली.

मतमोजणी शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये झाली. सकाळी आठपासून. जाळीच्या पलीकडे टेबलं, अलीकडे उमेदवारांच्या खुर्च्या. पेट्रोलपंपवाले साहेब दहाच्या सुमाराला आले, सगळ्यांशी हात मिळवत मिळवत बॅटरीपर्यंत पोचले.

“नमस्कार, नमस्कार. कुठल्या भागातले आपण?”

“तुमच्याच,” बॅटरी म्हणाला. “तुमचं मीटर मागच्या अंगणात, तिसऱ्या कुंडीमागे. अकरा वर्षं वाचलंय मी.”

“अरे वा!” साहेबांनी त्याच्या दंडावर थोपटलं. “म्हणजे आमच्या माळ्याच्या ओळखीतले!” आणि पुढे सरकले.

केंद्राकेंद्राचे आकडे फळ्यावर लागत गेले. बॅटरीनं मांडीवर डायरी उघडी ठेवली होती. पहिलं केंद्र, सहावी आणि सातवी गल्ली: डायरीत एकशे बारा, फळ्यावर एकोणीस. त्यानं पुन्हा बघितलं. एकोणीसच. दुसरं: चौऱ्याण्णव, फळ्यावर अकरा. पाचव्या केंद्रानंतर सायकलवाला म्हणाला, “बाहेर जरा हवा खाऊन येतो,” आणि परत आला नाही. दुपारी दोनला सगळं संपलं. साहेब जिंकले. टीव्हीवरची बाई दुसरी आली आणि रडली, तिचे फोटो काढायला धावपळ झाली. बॅटरी पाच जणांत चौथा आला. त्याच्या तीन फेऱ्यांत, जिथे डायरी तीन हजार नऊशे चाळीस म्हणत होती, तिथे सहाशे अकरा.

बाई शेजारच्या खुर्चीत बसून होत्या. हॉलमधली टेबलं उचलायला लागले होते.

“बाई,” तो म्हणाला, “ते ठिपके... ती कुलुपं होती. मी सरासरी धरली.”

बाईंना ऐकू गेलं. “किती?”

“निम्म्याच्या वर.”

त्यांनी डायरी घेतली, मिटली, त्याच्या हातात परत दिली. “अरे बाबा,” त्या म्हणाल्या, चौथीतल्या मुलाला सांगावं तशा. “घरात माणूस असेल तर पाणी जातंच. तहान लागते, अंघोळ लागते. म्हणून तुमची सरासरी चालते. मत तसं नसतं रे. ते न देताही माणूस मजेत जगतो.”

मग काठीवर भार देऊन उठता उठता म्हणाल्या, “सहाशे अकरा मात्र खरे. ते कोणी धरलेले नाहीत.”

त्यानं मान हलवली. पण बाईंना रिक्षात बसवून दिल्यावर तो चालत घरी निघाला, आणि वाटेत त्याच्या लक्षात आलं की त्या सहाशे अकरांतला एकही माणूस आपल्याला तोंडानं ठाऊक नाही. रस्त्यानं येणारे-जाणारे त्याच्या बाजूनं निघून जात होते. त्यातला कोण, काही कळायला मार्ग नव्हता.

मुलीचा फोन आला. “किती पडली बाबा?” त्यानं सांगितलं. ती म्हणाली, “चांगली आहेत की. आता इकडे या थोडे दिवस.” तो म्हणाला, “येतो. जरा फेरी पूर्ण करायची राहिलीय.”

“कसली फेरी? संपलं ना सगळं?”

ठिपका दिलेला आकडा तसाच ठेवून डायरी जमा करायची नसते. हे तिला फोनवर कसं समजवायचं ते त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तो निघाला. हातात डायरी, खिशात पेन्सिल, पत्रकं नाहीत. कुलूपबंद घरं दोन हजारांवर होती, सगळी काही होणार नव्हती. त्यानं आपल्या बाजूच्या तीन गल्ल्या धरल्या. बेल वाजवायची, विचारायचं, खोडायचं.

“निवडणूक झाली ना हो?” एकानं दारातूनच विचारलं. “आता काय?”

“झाली. तुमच्याकडचं तेवढं बरोबर करून घेतोय. मी दोन धरली होती.”

“कशाची दोन?”

“मतं.”

माणसानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “आम्ही मतदानाला गेलोच नव्हतो. लेकीकडे होतो.” त्यानं शून्य लिहिलं, ठिपका खोडला, आभार मानले. पुढच्या घरी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “मी साहेबांना दिलं. खोटं कशाला बोलू?” शून्य. पुढे एका बाईनं “दिलं दिलं, तुम्हालाच दिलं” म्हणून दार लावलं. तिनं दिलं नव्हतं हे त्याला कळलं, पण तिनं सांगितलं ते एक त्यानं लिहिलं. रीडर मीटरशी वाद घालत नाही. नऊ घरी दार उघडलंच नाही. तिथे त्यानं ह्या वेळी काही भरलं नाही; आयुष्यात पहिल्यांदा रकाना कोरा सोडला आणि पुढे गेला. दुपारपर्यंत तो चौदाव्या गल्लीत पोचला.

चौदावी गल्ली त्याची स्वतःची. सात नंबर शिंपीणबाईंचं घर, तिथे त्या शिवणयंत्रावर बसलेल्या दिसल्या. आठ नंबर रिकामं, भाड्यानं देणे. त्यानं पुढची ओळ बघितली.

नऊ नंबर. मतदार, दोन. शेरा, ‘कु’. चालू रीडिंग, दोन. वर ठिपका.

अक्षर त्याचंच होतं. प्रचाराला दिवसभर बाहेर, तेव्हा नऊ नंबर दिवसा बंदच. संध्याकाळी टेबलावर बसून पान भरताना हातानं इतर कुलुपांबरोबर हेही भरून टाकलं असणार, मागच्या तीन वेळचं बघून. मागच्या तिन्ही निवडणुकांना ह्या घरातून दोन मतं गेली होती. तो आणि त्याची बायको मिळून जायचे. ती हिरवी साडी नेसायची, आणि परत येताना म्हणायची, तुम्ही कोणाला दिलंत सांगू नका, मी पण सांगत नाही.

तो आपल्या घरासमोर रस्त्यावर उभा होता. किती वर्षांनी हे घर त्यानं समोरून नीट बघितलं कोण जाणे. खिडकीच्या चौकटीचा रंग उडाला होता. पायरीवर वाऱ्यानं आणलेली पानं साचली होती, आणि त्यांत त्याचंच एक पत्रक, ऊन खाऊन पिवळं झालेलं. पायरी चढून तो दारापाशी गेला. बेलवर बोट ठेवलं, पण दाबली नाही. पेन्सिल काढली. दोन खोडलं, एक लिहिलं. मग ठिपका खोडला. तो ठिपका जरा जोरात खोडला गेला, कागद फाटला.

समोरून आत जाता येत नव्हतं, वरची कडी आतून होती. तो वळसा घालून मागच्या बोळातून गेला, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आला आणि कडीला हात घातला. हलेना. चार वर्षांचा गंज. शिवणयंत्राच्या तेलाची बाटली बायकोच्या डब्यात होती, ती आणली. थेंब थेंब सोडला, फडक्यानं पुसला, पुन्हा सोडला. सळईनं ठोकलं. अर्धा तास गेला असेल. शेवटी ती कडी अशी किंचाळली की सात नंबरचं शिवणयंत्र थांबलं.

दार उघडलं. पानं आत आली.

शिंपीणबाई आपल्या पायरीवर येऊन उभ्या होत्या, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. टाचण्या काढून हातात घेतल्या. “काय हो बॅटरी, हे काय? घर विकायला काढलंत की काय?”

“नाही. उघडं ठेवतोय जरा.”

“कशाला?”

“कोणी आलं तर.”

शिंपीणबाईंनी गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. दुपारची वेळ, सगळी दारं बंद, माणूस नाही काणूस नाही. मग त्यांनी टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या, आत गेल्या, आणि जरा वेळानं यंत्र सुरू झालं.

बॅटरीनं एक खुर्ची ओढून दारासमोर ठेवली, रस्त्याकडे तोंड करून, आणि बसला.